सेवा केंद्रातला जुना मॉनिटर: घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तहसीलच्या रस्त्यावर पत्र्याच्या छताखाली एक सेवा केंद्र. बारा महिने सातबारा, उत्पन्नाचे दाखले, शिष्यवृत्तीचे फॉर्म, आणि जून-जुलैत पीकविमा. केंद्रचालक चाळिशीतले. मदतीला त्यांचा पुतण्या, आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केलेला, पण अजून कुठं चिकटलेला नाही. ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसं दोन्ही बिननावाची ठेवली आहेत.

टेबलावर दोन मॉनिटर. एक चालकाकडं तोंड करून, दुसरा गिऱ्हाइकाकडं. हा दुसरा म्हणजे १७ इंची, जवळजवळ चौकोनी, १२८० बाय १०२४ चा जुना एलसीडी. कुठल्यातरी मोठ्या ऑफिसातून निघालेल्या लॉटमधला, सेकंडहँड घेतलेला. याच्या पडद्यामागं एलईडी नाहीत. वर दोन आणि खाली दोन अशा पेन्सिलीपेक्षाही बारीक काचेच्या ट्यूब आहेत, आणि त्या पेटवायला आत शेकडो व्होल्ट तयार करणारा इन्व्हर्टर आहे. खोलीतल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही.

गिऱ्हाइकाकडं तोंड केलेला मॉनिटर ही चैन वाटेल, पण या केंद्राचं नाव त्यावरच झालं होतं. नाव, गट नंबर, क्षेत्र, पासबुकातला खाते नंबर हे शेतकरी स्वतः वाचतो किंवा सोबतच्या लेकराकडून वाचून घेतो, आणि मगच फॉर्म पुढं जातो. खाते नंबरात एक आकडा चुकला तर भरपाईच्या वेळी चकरा कुणाला माराव्या लागतात ते मराठवाड्यात सांगायची गरज नाही.

अडचण

प्रकरण २०२४ च्या खरिपातलं आहे. विमा एक रुपयात होता, त्यामुळं गर्दी तुफान. आधी शेवटची तारीख १५ जुलै होती.

मॉनिटरची कुरकुर मात्र त्याच्या किती तरी आधीची, हिवाळ्यातली. सकाळी बटण दाबलं की समोरचा छोटा दिवा लुकलुकायचा आणि पडदा काळाच राहायचा. दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं की आपोआप चालू व्हायचा आणि संध्याकाळपर्यंत तक्रार नाही. थंडीत हँडल मारून मारून धरणाऱ्या डिझेल इंजिनासारखा प्रकार. एकदा लागलं की झालं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात लाईट दिवसातून चार वेळा जाऊ लागली आणि मॉनिटरनं नवीन खोड धरली. चालू केला की दोन सेकंद चित्र यायचं आणि पडदा काळा. बंद करून चालू केला की पुन्हा दोन सेकंद. समोर बसलेला एक म्हातारा म्हणाला, "मालक, माझ्याकडचं काळं पडलंय, तुमच्यात बघून सांगा बरं नंबर." म्हणजे मूळ सोयच गेली.

केंद्रचालकांनी मॉनिटर गाडीवर बांधून जिल्ह्याच्या गावातल्या एका दुकानात नेला. दुकानदारानं प्लग लावला, दोन सेकंद पाहिलं आणि निकाल दिला: पॅनल गेलं, यात पैसे घालू नका.

निर्णयाची पहिली जागा: पॅनल खरंच गेलं का?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा इथं आहे. पुढची सोल्डरिंग वगैरे हाताची सवय आहे, कुणीही शिकेल.

पुतण्यानं रात्री केंद्राचं शटर ओढून अंधार केला, मॉनिटर लावला आणि पडदा काळा झाल्यावर मोबाइलची टॉर्च तिरकी धरून काचेच्या अगदी जवळ नेली. टॉर्चच्या गोल उजेडात डेस्कटॉपवरचे फोल्डर फिकट दिसत होते. "काका, चित्र तर दिसायलंय की. नुसता मागचा उजेड गेलाय."

पॅनल मेलेलं असतं तर टॉर्चखाली काही दिसलं नसतं. चित्र तयार होतंय, केबल ठीक आहे, चित्र सांभाळणारा बोर्ड ठीक आहे. प्रश्न उरला तो उजेडाचा, म्हणजे ट्यूब, त्यांचा इन्व्हर्टर किंवा या दोघांना पोसणारा सप्लाय. हिवाळ्यातली लुकलुक लक्षात घेतली तर संशय सप्लायवरच जास्त जातो. सप्लायच्या बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे डबे, जुने झाले की आतला द्रव सुकत जातो आणि त्यांचा अंतर्गत अवरोध वाढतो. गार असताना तो आणखी जास्त असतो. तापले की थोडा उतरतो आणि कसाबसा संसार चालतो. म्हणून 'सकाळी उशिरा लागतो' ही तक्रार ऐकली की आधी कंडेन्सर पाहावेत.

दुकानदाराला दोष द्यायचा मोह होतो. पण हंगामात त्याच्याकडंही रांग असते, आणि जुन्या एलसीडीत हात घालून त्याला सुटतं काय? त्याचा निकाल तांत्रिक कमी, धंद्याचा जास्त होता.

समोर असलेले पर्याय

नवा एलईडी मॉनिटर पाच हजारांच्या आसपास पडत होता. विम्याच्या एका अर्जामागं केंद्राला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे, म्हणजे सव्वाशे अर्जांची कमाई, आणि तीही हातात उशिरा पडणारी. सेकंडहँड दुसरा घ्यायचा तर त्याच्याही पोटात त्याच वयाचे कंडेन्सर. बाजारात मिळणारा तयार सप्लाय बोर्ड बसवता आला असता, पण बिघाड नेमका कुठं हे ठरायच्या आधी बोर्ड मागवणं म्हणजे अंधारात खडा मारणं. आणि चौथा पर्याय उघडून पाहण्याचा.

केंद्रचालकांनी मधला रस्ता काढला, आणि तो शहाणपणाचा होता. घरचा छोटा टीव्ही व्हीजीए केबलवर गिऱ्हाइकाच्या बाजूला लावला. अक्षरं फाटकी दिसायची, पण आकडे वाचता यायचे. काम अडायचं थांबलं आणि दुरुस्तीच्या मागची घाई निघून गेली. त्यातच विम्याची मुदत ३१ जुलैपर्यंत वाढली. घाई निघून गेली नसती तर पुढचे दोन निर्णय नक्कीच वेगळे झाले असते.

उघडण्याआधी

गावात एक जुने टीव्ही मेकॅनिक आहेत. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. पिक्चर ट्यूबच्या जमान्यात हात घडलेला. पुतण्या मॉनिटर घेऊन त्यांच्याकडं गेला तेव्हा त्याच्या हातात पेचकस तयारच होता. चाचांनी आधी तो काढून घेतला. "बेटा, हात लावायच्या आधी मीटर लाव. बंद आहे म्हणून मेलंय असं नसतं."

त्यांचा रोख सप्लायच्या मुख्य कंडेन्सरकडं होता. घरातली २३० व्होल्टची लाईट आत गेल्यावर डीसी होते आणि हा मोठा कंडेन्सर साधारण ३२५ व्होल्टला भरतो. प्लग काढला तरी तो भरलेला राहू शकतो, आणि सप्लाय बंद पडलेला असेल तर जास्तच, कारण तो चार्ज खाणारं कुणी नसतं. पेचकसानं दोन टोकं जोडून ठिणगी पाडायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. चाचांनी ती करू दिली नाही. होल्डरमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब, होल्डरच्या दोन वायरी कंडेन्सरच्या दोन टोकांना, आणि मग मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं.

हे ज्याला करता येत नाही किंवा ज्याच्याकडं मीटर नाही, त्यानं सप्लाय बोर्डाला हात लावू नये. आणि मॉनिटर जुन्या पिक्चर ट्यूबचा असेल तर नुसत्या हौसेवर उघडूच नये. तिथं प्रकरण वीस-पंचवीस हजार व्होल्टचं असतं.

आत काय निघालं

स्टँडखालचे स्क्रू काढल्यावर कव्हर खटक्यांवर अडकलेलं असतं. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फटीत घालून ते चारी बाजूंनी सोडवलं. एक खटका तुटलाच. आत पत्र्याचं शिल्डिंग, त्यावर चिकटवलेली चंदेरी टेप, कडेला ट्यूबच्या गुलाबी-पांढऱ्या वायरी. पुतण्यानं प्रत्येक जोड सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढला.

सप्लाय बोर्ड मी नंतर हातात घेऊन पाहिला आहे. दुय्यम म्हणजे कमी व्होल्टच्या बाजूला, हीटसिंकला (उष्णता ओढणाऱ्या पत्र्याला) खेटून, १००० मायक्रोफॅरड (साठवणीचं माप) २५ व्होल्टचे दोन कंडेन्सर. चांगल्या कंडेन्सरचं डोकं सपाट असतं. या दोघांची डोकी फुगून वरच्या रेघा उमलल्या होत्या, आणि एकावर वाळलेला तपकिरी थर होता. शेजारचा ४७० चा वरून सपाट, पण बुडाशी तसाच डाग. कोपऱ्यातले दोन छोटे दिसायला स्वच्छ. बोर्डावर जिथं ५ व्होल्ट छापलंय तिथं चालू असताना मीटर साडेचारच्या खाली नाचत होता. ट्यूबसाठीची १४ व्होल्टची लाईन ट्यूब पेटायच्या क्षणी दहाच्या घरात कोसळायची.

निर्णयाची दुसरी जागा: कुठले कंडेन्सर, किती?

पुतण्याचं म्हणणं होतं, फुगलेले दोन बदलू. चाचांनी दुय्यम बाजूचे सगळे बदलायला लावले. एकाच दिवशी बसवलेले, एकाच उष्णतेत राहिलेले. दोन गेले तर उरलेले रांगेतच उभे आहेत, आणि प्रत्येकाची किंमत चहाच्या आसपास.

पेच पडला तो मालाचा. गावातल्या दुकानात १०५ अंशापर्यंत उष्णता सोसणारे, कमी अवरोधाचे कंडेन्सर नव्हते. होते ते साधे ८५ अंशाचे. त्यातही १००० चा माल १६ किंवा ३५ व्होल्टचाच. १६ चा बोर्डात अगदी बरोबर बसत होता आणि पुतण्याचा हात तिकडंच गेला. १४ व्होल्टच्या लाईनवर १६ चा माल म्हणजे लाईन जरा वर गेली की संपलं. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवायचे, व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा वरचं चालतं, खालचं चालत नाही. ३५ चा घेतला. तो जाडीला १३ मिलिमीटर, जागा होती १० मिलिमीटरची. मग त्याच्या पायांवर स्लीव्ह चढवून तो हीटसिंकच्या उलट बाजूला आडवा झोपवला, नाहीतर पत्रा बसला नसता.

८५ अंशाचा माल लावावा का? नियम असा की दर १० अंश उष्णतेला कंडेन्सरचं आयुष्य निम्मं होतं. दोन्हीवर २००० तास लिहिलेलं असलं, तरी २० अंशांच्या फरकानं १०५ वाला चौपट टिकतो. आतली उष्णता ६५ अंश धरली तर ८५ वाला कागदावर ८००० तास जातो. अशा सप्लायमध्ये साधा कंडेन्सर स्वतःही जास्त तापतो, म्हणून तेवढा भरवसा धरता येत नाही. पण हंगाम उरला होता काही शे तासांचा. तेवढ्यासाठी हा माल पुरेसा, आणि नंतर १०५ चे मागवून बदलायचे, असं ठरलं. मला हा निर्णय पटतो. फक्त 'नंतर' हा शब्द आपल्याकडं धोक्याचा असतो, म्हणून पुतण्यानं कव्हरच्या आत चिठ्ठी चिकटवली हे बरं केलं.

प्रत्यक्ष काम

बोर्डावरचं जुनं सोल्डर शिसं नसलेलं होतं. ते २१७ अंशाच्या आसपास वितळतं, शिशाचं १८३ ला. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं ते हलेना. चाचांनी प्रत्येक टाक्यावर आधी थोडं नवीन शिशाचं सोल्डर टाकायला लावलं, दोन्ही मिसळलं, आणि मग पंपानं ओढलं. ग्राउंडच्या एका टाक्याला पुतण्यानं जास्त वेळ आयर्न धरलं आणि तिथला तांब्याचा ट्रॅक उचलला गेला. कंडेन्सरचा कापलेला पाय तुकडा म्हणून वापरून तो ट्रॅक पुढच्या जोडाशी सांधला. काम झालं, दिसायला ओबडधोबड.

उलट-सुलट बाजूचा गोंधळ फोटोंमुळं टळला. कंडेन्सरवरची पट्टी वजा बाजूची. बोर्डावर गोलाचा रंगवलेला अर्धा भाग बहुतेक वेळा वजाचा असतो, पण 'बहुतेक'वर विसंबण्यापेक्षा फोटो बरा.

पहिल्यांदा चालू करताना थेट भिंतीवरच्या बोर्डात प्लग घातला नाही. चाचांच्या दुकानात सिरीज बल्ब आहे, म्हणजे वाटेत बल्ब जोडलेली लाईन, त्यातून लावला. बल्ब एकदा झळकला आणि मंद झाला. तो भक्क पेटून राहिला असता तर आत कुठंतरी शॉर्ट आहे असं समजून तिथंच थांबायचं होतं. पाचाच्या जागी ५.१, चौदाच्या जागी चौदा. दिवा स्थिर. चित्र आलं आणि राहिलं.

निर्णयाची तिसरी जागा: अर्धं बरं झाल्यावर

राहिलं अर्धा तास. सुरुवातीला वरच्या बाजूला गुलाबी झाक होती, ती ओसरली, आणि मग पुन्हा पडदा काळा.

अशा वेळी माणूस एकतर सगळं सोडून देतो, नाहीतर आधीच्याच जागी पुन्हा खोदत बसतो. इथं पुन्हा मीटर लावला. पडदा काळा असतानाही ५ आणि १४ जागच्या जागी. म्हणजे सप्लाय निर्दोष, आता उरले इन्व्हर्टर आणि ट्यूब. गुलाबी झाक हे म्हाताऱ्या ट्यूबचं लक्षण आहे. चारपैकी एका ट्यूबनं जरी करंट नीट घेतला नाही, तरी इन्व्हर्टरचा आयसी (चिप) सावधगिरी म्हणून चारीही बंद करतो. त्यामुळं एका ट्यूबचा आजार पूर्ण अंधारासारखा दिसतो. ट्यूबच्या टोकाला साधा मीटर लावून मात्र पाहायचं नाही. तिथलं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही त्याच्या आवाक्याबाहेरची, आणि बोटाला चटका बसतो तो वेगळाच.

ट्यूब सुटी मागवायची तर लांबी मिलिमीटरपर्यंत जुळावी लागते, वाटेत फुटण्याची भीती, आणि जोडणी नाजूक. ट्यूबच्या जागी बसणाऱ्या एलईडी पट्टीचा किट हा दुसरा मार्ग होता. केंद्रचालकांना तिसरा सुचला. बाजाराच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडं काच फुटलेला १७ इंची चौकोनी मॉनिटर पडून होता, वेगळ्या कंपनीचा. दोनशेला मिळाला.

या पॅनलमध्ये ट्यूबची जोडी एका पन्हळी पत्र्यात बसवलेली असते, आणि कडेचा बारीक स्क्रू काढला की पत्र्यासकट सरकून बाहेर येते. आधी ती न बसवता भंगारातली जोडी बाहेर ठेवूनच इन्व्हर्टरला जोडली. खालची जोडी बदलली, काही फरक नाही. वरची बदलली, पडदा टिकला, तासाभरानंतरही. काढलेल्या वरच्या जोडीतल्या एका ट्यूबचं टोक नळीसारख्या जुन्या ट्यूबलाइटचं होतं तसं काळवंडलं होतं. भंगारातला पत्रा जागेवर बसला, कनेक्टरही जुळले. काढलेली जोडी फोडली नाही, कचऱ्यातही टाकली नाही, कारण आत थोडा पारा असतो. ती ई-कचऱ्यात द्यायला पुठ्ठ्यात गुंडाळून बाजूला ठेवली आहे.

परिणाम

जुलैचा उरलेला हंगाम मॉनिटरनं काढला. पडद्याची वरची बाजू खालच्यापेक्षा जरा उजळ दिसते, आकडे वाचायला अडचण नाही. दिवाळीनंतर नांदेडला गेलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून १०५ अंशाचे कंडेन्सर आणवून पुतण्यानं बदलले. आधीचे ८५ वाले काढले तेव्हा सपाटच होते. भंगाराचा मॉनिटर धरून सगळा खर्च पाचशेच्या आत. चाचांनी मजुरी घेतली नाही. केंद्रचालकांनी त्यांच्या घरचे सगळ्यांचे दाखले फुकट काढून दिले, हा हिशेब वेगळा.

सवयीही दोन बदलल्या. मॉनिटर आधी रात्री नुसत्या बटणावर बंद व्हायचा, म्हणजे सप्लाय चोवीस तास जागा आणि पत्र्याखालच्या उकाड्यात कंडेन्सर शिजत. आता भिंतीवरचं बटण बंद होतं. आणि मागच्या जाळीला टेकून ठेवलेले फायलींचे गठ्ठे हलवले.

वेगळं काय करता आलं असतं

टॉर्चची परीक्षा आणि बोर्डाची पाहणी फेब्रुवारीतच, लुकलुक सुरू झाली तेव्हा व्हायला हवी होती. सप्लाय आजारी असताना ट्यूब महिनोन्‌महिने अर्धवट पेटत-विझत राहिल्या. वरची जोडी त्यानंच लवकर गेली असावी असा माझा अंदाज आहे, सिद्ध करता येणार नाही. तेव्हा हाताशी वेळही होता आणि १०५ चा माल पहिल्याच फेरीत लावता आला असता. ट्रॅक उचलला गेला ते काम थोड्या मोठ्या आयर्ननं, झटक्यात उरकणारं होतं. २५ वॅटवर जिद्द धरण्यात अर्थ नव्हता.

आणि एक हिशेब जो दुरुस्तीच्या उत्साहात कुणी मांडला नाही. ट्यूबवाला हा मॉनिटर ३५ वॅटच्या आसपास खातो, तेवढाच एलईडी १५ च्या आसपास. २० वॅटचा फरक, रोज दहा तास, वर्षाला तीनशे दिवस म्हणजे ६० युनिट. बिलापेक्षा हे जाणवतं लोडशेडिंगमध्ये, खोलीतल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. फक्त पैशाचं पाहिलं तर काही वर्षांत नवा मॉनिटर आपली बरीच किंमत वीज आणि बॅटरीतून वळती करतो. तरीही त्या जुलैत पाच हजार बाहेर काढणं आणि पाचशेत भागवणं यात त्या केंद्रानं पाचशे निवडले, आणि हातात रोकड नसताना ते बरोबरच होतं.

एलईडी पट्टीचा किट आता विचारात आहे. खालची जोडी मूळचीच असल्यामुळं तीही गुलाबी दिसायला लागली की किट बसवायचा, असं काका-पुतण्यात ठरलंय. भंगारातल्या मॉनिटरचा सप्लाय बोर्ड चाचांकडं पडून आहे. तो १२ व्होल्टचा निघाल्यामुळं या मॉनिटरला चालत नाही, पण पट्टीच्या ड्रायव्हरला (तिला वीज पुरवणाऱ्या छोट्या बोर्डाला) १२ चालतात, म्हणून चाचांनी तो भंगारात परत जाऊ दिलेला नाही.